जुन्या टॅरो पत्त्यांच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

पत्त्यांवरून भविष्य कळते यावर माझा विश्वास पूर्वीही नव्हता आणि आजही नाही. मला भुरळ घातली ती चित्रांनी. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या ७८ पत्त्यांच्या टॅरो कॅटातली ठसठशीत काळी रेघ आणि विटका पिवळा रंग पाहिला की आजीच्या पेटीतले जीर्ण पंचांग हाती लागल्यासारखे वाटते. नेमक्या याच हळवेपणावर विक्रेत्याने गळ टाकला.

पाचगणीतला जुना इंग्रजी बंगला रिकामा करताना माळ्यावर पहिल्या छपाईचा कॅट सापडला, किंमत १८ हजार रुपये, अशी त्याची समाजमाध्यमावरची जाहिरात होती. पाचगणी आम्हा सातारकरांना घरचीच आणि तिथे तसे बंगलेही खरोखरच आहेत, त्यामुळे गोष्ट सहज गळी उतरली. प्रत्यक्ष पाहायला येतो म्हटल्यावर ‘घरात वाटणीचा वाद चालू आहे’ असे उत्तर आले, तेही मला पटले. दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे कळताच मी सगळी रक्कम यूपीआयने भरून टाकली.

कॅट आला, तेव्हा कडा झिजलेल्या होत्या, कोपऱ्यांवर तपकिरी डाग होते. वास मात्र ताज्या वॉर्निशचा होता. राजवाड्याजवळ छापखान्यात हयात घालवलेल्या एका परिचितांनी भिंग लावले आणि दोन पत्ते शेजारी ठेवले. दोन्हींच्या उजव्या कोपऱ्यात डाग एकाच आकाराचा होता, अगदी त्याच्या शेपटासकट. ‘साहेब, हा डाग पडलेला नाही, छापलेला आहे,’ ते म्हणाले. भिंगातून पाहिले तर तो डाग आजच्या ऑफसेट छपाईच्या चार रंगांच्या नेटक्या ठिपक्यांचा बनलेला होता. सराफाकडच्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर पांढरा चकाकला. अशी चकाकी देणारे द्रव्य कागदात घालण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाली, म्हणजे १९०९ च्या कागदात ते असण्याचे कारणच नाही.

मुद्दाम जुने रूप देऊन छापलेले असे कॅट बाजारात उघडपणे आणि पुष्कळ स्वस्तात मिळतात, त्यात गैर काहीच नाही. माझ्या विक्रेत्याने फक्त कडा घासल्या आणि बंगल्याची गोष्ट जोडली.

लाजेपोटी मी नऊ दिवस गप्प बसलो, हीच मोठी चूक झाली. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवले तर पैसे पुढे सरकण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता असते. मी फोन केला तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. कोणी असा कॅट घेत असेल, तर पैसे देण्याआधी डाग असलेल्या दोन पत्त्यांचे जवळून काढलेले फोटो एकत्र मागावेत. मी मागितले होते ते फक्त पेटीचे.