केबिनमधला सीओ मीटर: आकडा दाखवणाराच घ्या

डोकं दुखलं की झोप कमी पडली म्हणायचं, ही आम्हा ड्रायव्हर लोकांची जुनी सवय. पण सुटीच्या दिवशी माझं कधीच दुखायचं नाही, आणि माल भरायच्या रांगेत इंजिन चालू ठेवून दोन तास बसलो की हमखास ठणकायचं. तेव्हा इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूचा संशय आला. याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे यंत्राशिवाय कळणार कसं?

आधी घरात लावतात तो अलार्म चिकटवला. महिनाभर गप्प. गाडी साफ आहे असं समजून चाललो होतो. मग माहितीपत्रक वाचलं: ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत सीओचे ७० भाग) तो १ ते ४ तासांत वाजणार, आणि ३० ला वाजूच नये अशीच त्याची रचना. कामाच्या पाळीसाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने सुचवलेली सरासरी मर्यादा ३५ आहे. म्हणजे मी ४० मध्ये रोज बसलो असतो तरी हा पठ्ठ्या झोपलेलाच.

मग हा छोटा, आकडा दाखवणारा मीटर घेतला. चार महिने झाले. पहिल्याच दिवशी रस्त्यावर २-३, आणि रांगेत थांबल्यावर ४१! मेकॅनिकला आकडा दाखवला तेव्हा त्याने नीट शोधलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या नळीचं) सांधा बंद ठेवणारं गॅस्केट गेलेलं, भोवती काजळी. वर केबिनमध्ये वायरिंग येतं त्या भोकाचं रबर गायब. दोन्ही कामं झाल्यावर रांगेतही ४ च्या वर जात नाही. डिझेलमधून सीओ पेट्रोलपेक्षा कमी निघतो, म्हणून निघतच नाही असं नाही.

तक्रारी आहेत. बीपचा आवाज इंजिनपुढे फिका. सेन्सर बदलता येत नाही, मुदत संपली की अख्खा मीटर फेका. हातावर सॅनिटायझर चोळलं तरी आकडा उडतो, बॅटरी चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजननेही फसतो. डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात तापतो. मी सीटमागे, डोक्याच्या उंचीला टांगलाय. हा वायू जवळपास हवेइतकाच जड, त्यामुळे नाकाजवळची जागा बरी.

एकाने विचारलं, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चालेल का? अजिबात नाही. सीओ चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. माणूस चक्कर येऊन पडायला आला तरी तो खुशाल ९८ दाखवेल.

पाचपैकी चार तारे. एक कापला त्या मिणमिणत्या बीपसाठी.