क्रिएटिव्ह आयमीडियाच्या जुन्या प्रश्नपत्रिका : सात महिन्यांच्या वापरानंतर

नारायण पेठेत माझे डीटीपी आणि डिझाइनचे काम आहे, आणि माझी भाची इंग्लंडमध्ये तिकडच्या अकरावीत शिकते. तिने शाळेत ओसीआर या परीक्षा मंडळाचा केंब्रिज नॅशनल क्रिएटिव्ह आयमीडिया (जे८३४) हा डिजिटल माध्यमांच्या आखणीचा आणि निर्मितीचा विषय घेतला आहे. 'मावशीचा धंदाच आहे हा' असे म्हणून बहिणीने लेखी पेपरची तयारी माझ्या गळ्यात घातली. आर०९३ नावाचा हा पेपर दीड तासाचा आणि ७० गुणांचा असून एकूण मूल्यमापनात त्याचा वाटा ४० टक्के आहे; उरलेले ६० टक्के शाळेत करायच्या कामाचे असतात.

ऑक्टोबरपासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही बसतो. सुरुवातीला तिच्या मैत्रिणींनी सुचवलेले फ्लॅशकार्डांचे एक सशुल्क ॲप घेतले. व्याख्या पाठ झाल्या, पण गुण वाढले नाहीत, म्हणून डिसेंबरात ते बंद केले. त्यानंतर जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या गुणदान योजना (कोणत्या मुद्द्याला किती गुण, हे सांगणारी पत्रके) एवढ्यावरच आमचा भर आहे, आणि हा अभिप्राय त्यांच्याविषयीच आहे.

गुणदान योजना वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की 'का' या प्रश्नाचे उत्तर दिलेल्या ग्राहकाशी आणि प्रेक्षकवर्गाशी जोडले नाही, तर बरोबर उत्तरही अर्धेच राहते. त्याच धर्तीवर मी तिला वाचनालयाच्या बालविभागाच्या पोस्टरचा व्हिज्युअलायझेशन डायग्राम, म्हणजे ते कसे दिसेल याचे टिपांसह रेखाटन, काढायला दिला. चित्र सुरेख होते, परंतु बाजूच्या टिपेत तिने लिहिले होते, 'ठळक अक्षरे वापरली, कारण ती उठून दिसतात.' हे उत्तर कोणत्याही पोस्टरला लागू पडते. सहा-सात वर्षांची मुले नुकतीच वाचायला लागलेली असतात, म्हणून अक्षरे मोठी आणि सुटी ठेवली, असे तिने दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा ते त्या पोस्टरचे कारण झाले. (गणेश मंडळाच्या अहवालाचे मुखपृष्ठ दाखवताना मलाही 'हाच रंग का?' असे विचारले जाते आणि मीही बरेचदा 'छान दिसतो' म्हणून वेळ मारून नेते, हे भाचीला अजून सांगितलेले नाही.)

व्हिज्युअलायझेशन डायग्राम स्थिर चित्रासाठी, स्टोरीबोर्ड हलत्या चित्रासाठी आणि वायरफ्रेम संकेतस्थळासारख्या माध्यमाच्या मांडणीसाठी, हा फरक पेपर सोडवतानाच पक्का झाला. रास्टर (ठिपक्यांनी बनलेले चित्र) आणि व्हेक्टर (गणिती रेषांनी बनलेले, कितीही ताणता येणारे चित्र) यांच्या प्रश्नांत मात्र माझा धंदा उपयोगी पडला. कार्यकर्त्याने मोबाइलवर पाठवलेला बोटभर लोगो दहा फुटी फ्लेक्सवर ताणला की त्याच्या कडांना पायऱ्या कशा पडतात, हे मी तिला दुकानातूनच कॅमेऱ्यावर दाखवले. ए४ आकाराच्या छपाईला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हा आकडा तिला त्यानंतर पाठ करावा लागला नाही.

कायद्याच्या भागात मीच चुकले. लेखकाच्या मृत्यूनंतर स्वामित्वहक्क ६० वर्षे टिकतो, असे मी ठामपणे सांगितले. तो नियम भारतातला आहे, ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची आहे. जाहिरातींसाठी तिकडे एएसए, चित्रपटांच्या वयोगटासाठी बीबीएफसी आणि व्हिडिओ गेमच्या वयोगटासाठी पेगी अशा नियमन करणाऱ्या व्यवस्था आहेत, हेही मला नव्याने शिकावे लागले. भारतात बसून शिकवणाऱ्याने या प्रकरणात आपल्या माहितीवर विसंबू नये.

या अभ्यासक्रमाचे पेपर अजून मोजकेच आहेत, ही खरी अडचण. म्हणून आम्ही आधीच्या जे८१७ अभ्यासक्रमातले आर०८१ हे पेपरही वापरले. ते सव्वा तासाचे आणि ६० गुणांचे होते. मूड बोर्ड (रंग-चित्रांचे नमुने एकत्र लावलेला फलक), माइंड मॅप (कल्पनांची फांद्यांसारखी मांडणी), स्टोरीबोर्ड, कामाचे नियोजन या पूर्वतयारीच्या प्रश्नांसाठी ते आजही उत्तम आहेत. पण माध्यम उद्योगातल्या कामाच्या भूमिका आणि वितरण यांसाठी त्यांचा उपयोग नाही, आणि वेळेचे गणितही निराळे असल्याने घड्याळ लावून ते सोडवू नयेत.

गुणदान योजना परीक्षकांसाठी लिहिलेली असते, त्यामुळे मुलीने ती एकटीने वाचली तर मुद्द्यांची यादी तेवढी हाती लागते. आम्ही उत्तर आधी लिहितो, मग योजना उघडतो आणि सुटलेला गुण कोणत्या शब्दाअभावी गेला ते लाल शाईने तिच्याच वहीत लिहितो. आर०९३ चे दोन पेपर अजून कोरे ठेवले आहेत. ते मे महिन्यात, कॉल बंद ठेवून, ती एकटीच सोडवणार आहे.