उडीचा व्हिडिओ एडिटिंगला देताय? ‘लायसन्स्ड म्युझिक’वाल्याने घातलेला गंडा

दुबईत टँडम स्कायडायव्हिंग (इन्स्ट्रक्टरला बांधून विमानातून पॅराशूट उडी) करून आलेल्या नाशिकच्या एका जोडप्याला इन्स्टाग्रामवर भेटलेल्या व्हिडिओ एडिटरने साडेनऊ हजारांना चुना लावला. रक्कम फार मोठी नाही, पण पद्धत पक्की आहे, आणि असे एडिटर तिथे पायलीला पन्नास सापडतात. म्हणून सगळं तपशिलात.

बोली अशी ठरली: अडीच मिनिटांचा फोर-के व्हिडिओ, ‘कॉपीराइट-फ्री लायसन्स्ड म्युझिक’ सर्टिफिकेटसह, ६,००० रुपये, सगळे आगाऊ. व्हिडिओ आला, दोघांनी तो यूट्यूबवर टाकला आणि थोड्याच दिवसांत त्यावर गाण्याचा कॉपीराइट क्लेम, म्हणजे मालकीहक्काचा दावा, लागला. एडिटर म्हणाला, क्लेम काढायची ‘लायब्ररी फी’ ३,५०० आहे. तीही गेली. मग त्याने दोघांचेही नंबर ब्लॉक केले.

अशी फी अस्तित्वातच नाही. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर बसणारा दंडाचा ठपका) नव्हे. बहुतेक वेळा व्हिडिओ जागेवर राहतो आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. क्वचित काही देशांत तो दिसेनासा होतो. क्लेम मागे घेऊ शकतो तो फक्त क्लेम लावणारा. तुमच्या हातात यूट्यूब स्टुडिओतले तीन मार्ग आहेत आणि तिन्ही फुकट आहेत: तेवढा भाग कापणं, गाणं म्यूट करणं किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं दुसरं गाणं बसवणं. डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकतही टाकता येते, समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. पण खोट्या सर्टिफिकेटच्या जोरावर तो टाकू नका. डिस्प्यूट फेटाळला गेला आणि तरी अपिलात गेलात, तर प्रकरण स्ट्राइकवर जाऊ शकतं.

आता ते सर्टिफिकेट. पीडीएफवर सोनेरी शिक्का होता, जोडप्याचं नाव होतं, पण गाण्याचं नाव कुठेच नव्हतं! खऱ्या लायसन्सवर गाण्याचं नाव, संगीतकार किंवा म्युझिक लायब्ररी (गाणी वापरायला देणारी वेबसाइट), कोणाला दिलं, कशासाठी दिलं आणि तारीख एवढं तरी असतंच. एडिटरने लायब्ररीचं सबस्क्रिप्शन दाखवलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. वैयक्तिक प्लॅनमध्ये बऱ्याचदा फक्त त्याचे स्वतःचे चॅनल येतात, गिऱ्हाइकाचे नाहीत. आयपीआरएस किंवा पीपीएल या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांची पावती पुढे केली तर ती मुख्यतः जाहीर कार्यक्रमात गाणी वाजवण्याची परवानगी असते. व्हिडिओखाली गाणं बसवायची परवानगी वेगळी, आणि ती दोघांकडून लागते: चाल-शब्दांच्या हक्कदाराकडून आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही (काही अटींवर फुकट वापरू देणारं लायसन्स) एक खोच आहे. ज्या लायसन्सवर ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल करायला मनाई) लिहिलंय ते गाणं व्हिडिओखाली चालत नाही, कारण चित्राशी जुळवणं हाच तिथे बदल धरला जातो. आणि ‘दहा सेकंद वापरलं तर चालतं’ ही निव्वळ थाप आहे.

या व्हिडिओत गाण्याचा सूर किंचित वर चढवलेला होता. आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला चकवण्याची ही जुनी युक्ती. अशाने क्लेम कधी टळतो, कधी नुसता लांबतो, आणि तेवढ्यात एडिटरचे पैसे वसूल झालेले असतात. गायकाचा आवाज नेहमीपेक्षा बारीक किंवा घाईत वाटला तर मूळ गाणं शेजारी वाजवून बघा.

चित्रातली लबाडी तर जास्तच उघडी होती. या दोघांनी फक्त हँडकॅमचे पैसे भरले होते, म्हणजे कॅमेरा इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर. अशा फुटेजमध्ये चेहरे नेहमी हातभर अंतरावरच दिसणार. तरीही एडिटमध्ये दोन शॉट बाहेरून घेतलेले होते, दहा-बारा फुटांवरून. त्यासाठी हेल्मेटवर कॅमेरा लावलेला वेगळा माणूस सोबत उडी मारतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. शॉट थांबवून पाहिला तर हार्नेसचे पट्टे काळ्याऐवजी निळे, गॉगलची पट्टी वेगळी, आणि खाली पाम जुमेराह आणि समुद्र असायच्या जागी हिरव्या-पिवळ्या शेतांचे चौकोन. कोणा तिऱ्हाइताची उडी यांच्या व्हिडिओत घुसवलेली!

लांबीवरूनही अंदाज येतो. १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत साधारण ५० ते ६० सेकंद मिळतात. मूळ फाइलमध्ये दारातून बाहेर पडणं ते पॅराशूट उघडणं हे अंतर मोजा आणि त्यातलं एडिटमध्ये किती आलंय ते बघा. इथे जेमतेम २० सेकंद होते, आणि बाहेर पडण्याचा एकच क्षण तीनदा दाखवला होता. कारण साधं आहे: टेम्प्लेट आधीच तयार असतं, त्यात गाण्याचा ड्रॉप (ताल एकदम जोरात सुरू होण्याचा क्षण) ठरलेल्या सेकंदाला येतो, आणि तुमची उडी त्या खाचेत कोंबली जाते.

फोर-के म्हणून आलेली फाइल ५८ एमबीची होती. सेकंदाला ४० मेगाबिट दराने अडीच मिनिटांची फाइल साधारण ७५० एमबी व्हायला हवी (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी); इथे दर पडला ३ मेगाबिटच्या आसपास. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर हे आकडे दाखवतं. नुसतं रिझोल्यूशन पाहू नका, लहान चित्र ताणूनही फोर-के लिहिता येतं. स्लो मोशनचंही तसंच. सेकंदाला ६० फ्रेमचं फुटेज २४ च्या टाइमलाइनवर ४० टक्के वेगाने स्वच्छ चालतं. ३० चं तेवढंच ताणलं की फडफडणारे गाल आणि पट्टे यांच्या कडेला भुतासारखी दुसरी रेघ दिसते.

पैसे देताय तर चांगलं काम कसं असतं तेही माहीत हवं. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला ठोका पडतो, म्हणजे २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर १२ फ्रेम. २५ च्या टाइमलाइनवर साडेबारा होतात आणि कट ठोक्यावर नेमका बसत नाही. तरी प्रत्येक ठोक्यावर कट मारायचा नसतो. ड्रॉप दारातून बाहेर पडण्यावर ठेवावा, मग फ्रीफॉलला (पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्याला) सलग श्वास द्यावा, पॅराशूट उघडताना गाणं एक-दोन सेकंद पूर्ण बंद करून मूळ आवाज सोडावा. फ्रीफॉलमध्ये माइकवर नुसता वारा असतो, तो खाली दबून राहिला तरी चालतो. पॅराशूट उघडल्यावर मात्र माणसं बोलतात, हसतात, कधी रडतात. या दोघांचं ते सगळं बोलणं गाण्याखाली पुसून टाकलं होतं. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा तोटा तोच.

म्हणून सौदा करतानाच सांगा: अंतिम व्हिडिओसोबत त्याचीच गाणं नसलेली, फक्त मूळ आवाजाची प्रत हवी. क्लेम आला तर दहा मिनिटांत गाणं बदलता येतं. फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा तिथेच मरतो. गोप्रो कॅमेरा लांब चित्रीकरण जीएक्स०१, जीएक्स०२ अशा तुकड्यांत साठवतो. सगळे तुकडे गेलेत का ते मोजा. ड्राइव्हच्या लिंकवर फक्त बघण्याची परवानगी द्या आणि काम संपेपर्यंत मेमरी कार्ड पुसू नका. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. वॉटरमार्क असलेला पूर्ण लांबीचा प्रीव्ह्यू बघूनच उरलेले पैसे द्या.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि ते सर्टिफिकेट हाताशी ठेवा. तक्रार केली की कधीकधी हाच माणूस ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणत परत येतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.