मधूनच ओढायची थांबणारी जुनी टर्बो: उभी तपासावी, चालती तपासावी की पार्ट बदलत सुटावं?

थंड इंजिनावर गाडी मस्त ओढते. अर्ध्या तासाने ओव्हरटेकसाठी पाय दाबला की बूस्ट (टर्बोने इंजिनात जास्तीची हवा कोंबून वाढवलेला दाब) चढतो आणि मधेच सगळं सपाट. कधी गचके, कधी नुसता जीव गेल्यासारखं. पुढच्या चढावर काहीच झालं नाही अशा थाटात पळते आणि गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी. हे दुखणं घेऊन बसलेल्यापुढे तीन वाटा असतात: उभ्या गाडीवर सगळं तपासणं, गेज लावून चालत्या गाडीत मोजणं, किंवा संशय असलेले पार्ट एकेक करून बदलत जाणं. तिन्ही वाटांनी बिघाड सापडल्याची उदाहरणं आहेत, पण तिन्हींना सापडणारे बिघाड वेगवेगळे.

उदाहरणाला पोर्श ९४४ टर्बो घेतो. १९८५ ते १९९१ या काळातली, अडीच लिटरची, चार सिलिंडरची. सुरुवातीला २२० अश्वशक्ती, १९८८च्या टर्बो एसमध्ये २५०. त्या काळच्या टर्बो गाड्यांची बहुतेक दुखणी हिच्यात एका जागी भेटतात. इंधन आणि स्पार्क सांभाळणारा डीएमई हा एक कॉम्प्युटर, नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटून होणारी किणकिण) आणि बूस्ट सांभाळणारा केएलआर हा दुसरा. दोन्ही आजच्या स्कॅनरच्या आधीच्या जमान्यातले. सॉकेटला यंत्र जोडून कोड वाचला आणि सुटलो, असं इथे होत नाही.

आधी लक्षण नीट पकडा

‘पिकअप गेला’ एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. ताकद कशी गेली ते सांगा. भिंतीला धडकल्यासारखी एकदम तुटली, तर बूस्ट मर्यादेबाहेर जाऊन कॉम्प्युटरने इंजिन रोखलं असण्याची शक्यता मोठी. वेस्टगेटकडे (बूस्टला मर्यादा घालणारी झडप) जाणारा बारीक होज फुटला की हे होतं. हळूहळू विरली आणि आरपीएम वाढेल तशी जास्त विरली, तर इंधन कमी पडतंय. लोड येताच मिसिंग मारत गचके देते, तर स्पार्क. बूस्टमध्ये सिलिंडरमधला दाब वाढतो, त्यातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून थकलेली कॉइल, तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप किंवा गॅप वाढलेला प्लग आयडलला निमूट असतो आणि टर्बो जागा झाला की उघडा पडतो.

एक फुकटची खूण टॅकोमीटरची. इंजिन मेलं, गाडी गिअरमध्ये अजून पळतेय, आणि काटा एकदम शून्यावर पडला, तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, सेन्सरकडून येणारा सिग्नल किंवा इग्निशनचा पुरवठा तुटलाय. काटा चाकांच्या वेगाबरोबर सावकाश उतरतोय, तर आधी इंधनाकडे बघा. बंद पडल्यावर स्टार्टर मारतानाही काटा जरासा हलायला हवा. अजिबात हलत नसेल तर सेन्सरवर बोट ठेवा.

उभी तपासणी: जे कायमचं फुटलंय ते नक्की सापडतं

ही सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त वाट. हवेच्या गळतीसाठी तर हिला तोड नाही, फक्त धूर आणि दाब यांतला फरक माहीत हवा. स्मोक मशीन अगदी कमी दाबावर चालतं. उघड्या भेगा, सुकलेले गॅस्केट, निघालेले व्हॅक्यूम होज ते झटक्यात दाखवतं. पण इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) तेल पिऊन मऊ झालेला होज कमी दाबाला मिटलेला राहतो आणि बूस्ट आला की ओठ उघडल्यासारखा फाकतो. तो धुराला दिसत नाही. त्यासाठी टर्बोच्या तोंडावर झाकण बसवून कंप्रेसरने गाडीच्या नेहमीच्या बूस्टएवढा दाब भरायचा आणि प्रत्येक क्लॅम्पवर साबणाचं पाणी मारत जायचं. ९४४ टर्बोचा सुरुवातीचा बूस्ट वातावरणाच्या वर सुमारे ०.७५ बार, तेवढा पुरे. तेलाच्या झाकणातून थोडी फुसफुस ऐकू आली तर दचकू नका. रिंगांवरून आणि उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा जातेच.

मल्टिमीटरचं कामही उभ्यानेच होतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या धातूपर्यंत, इंजिन चालू आणि हेडलाइट-पंखा लावलेला असताना, व्होल्टेज मोजा. दोन दशांश व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग साफ केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. झडपवाल्या एअर फ्लो मीटरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) कार्बनचा पट्टा झिजलाय का, हे झडप बोटाने सावकाश ढकलत मल्टिमीटरवर बघता येतं. आकडा सलग सरकायला हवा. मधे उडी मारली की तिथेच पट्टा संपलाय. थ्रॉटलचा स्विच पूर्ण दाबल्यावर कॉन्टॅक्ट देतो का, हा मिनिटभराचा प्रश्न.

या वाटेची दुबळी बाजू म्हणजे उष्णता. क्रँकचे सेन्सर थंड असताना ओहमचा आकडा अगदी बरोबर देतात आणि तापल्यावर आतली तार तुटते. गाडी थांबवून, बोनेट उघडून, मीटर शोधेपर्यंत ते परत ‘बरे’ झालेले असतात. गार इंजिनावरचं ‘सगळं ओके’ म्हणूनच मी अर्धंच खरं मानतो.

चालती तपासणी: आधी कोणता काटा पडतो?

माझा कौल इकडे आहे. बिघाड मधूनच होतो, तर तो होईल त्या क्षणी मोजमाप हजर पाहिजे. तीन गेज लागतात: बूस्ट, इंधनाचा दाब आणि हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड. डॅशबोर्डवरचा मूळ बूस्ट गेज पुरत नाही. ९४४ टर्बोत तो केएलआरच्या आतल्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे केएलआरकडे जाणारा होज चिरला की कॉम्प्युटर आणि गेज दोघंही एकच चुकीचं सांगतात. शिवाय तो निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब धरूनचा, दाब दाखवतो, इंजिन बंद असताना १ वर उभा. मॅनिफोल्डवरून (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) टी जोड काढून वेगळा गेज घ्या.

पेट्रोलची जिवंत नळी केबिनमध्ये आणायची नाही, हा नियम मोडायचा नाही. इलेक्ट्रिक सेंडरचा गेज घ्या, नाहीतर साधा गेज काचेच्या बाहेर, वायपरखाली पक्का बांधा, आतून वाचता येईल असा. सगळे काटे एका फ्रेममध्ये येतील असा फोन लावून व्हिडिओ काढा. आवाजही हवा, नॉकिंगची किणकिण त्यात येते. रस्ता बंद किंवा ट्रॅकच हवा. तिसऱ्या गिअरला २,५०० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल. मग घरी बसून व्हिडिओ सावकाश पुढे सरकवत बघा.

इंधनाच्या दाबाचं गणित सोपं आहे. रेग्युलेटर दाब बूस्टबरोबर तेवढाच वाढवतो. मूळ २.५ बार आणि बूस्ट ०.७५, म्हणजे गेजवर ३.२५ दिसायला हवेत. आयडलला दाब ठीक आणि बूस्टमध्ये तिनाच्या खाली घसरतोय, तर पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, टाकीतली जाळी गंजाने भरलीय किंवा पंपाला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. उभ्या गाडीवर हा पंप पास होतो, कारण त्याच्याकडे कुणी खरी मागणीच करत नाही. ताकद गेल्यावर टाकीचं झाकण उघडताच ‘फस्स’ झालं आणि गाडी परत ओढू लागली, तर पंपाला दोष देऊ नका, टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट) बंद आहे.

वाइडबँड वाचताना एक फसवी जागा आहे. पूर्ण बूस्टमध्ये पेट्रोल गाडीचं प्रमाण साधारण ११.५ ते १२.५ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा) असावं. इंधनाचा दाब पडला आणि पाठोपाठ आकडा १३-१४ कडे गेला, तर मिश्रण खरंच पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झालंय. पण इंधनाचा दाब जागेवर आहे, गाडी गचके देतेय आणि आकडा मधेच पातळ दाखवतोय, तर तो मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण न पेटणं: न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि सेन्सर त्यालाच पातळपणा समजतो. इथे लोक नवा पंप घालतात आणि जुनीच कॉइल ठेवतात. उलट, बूस्ट कमी आणि मिश्रण जाड (इंधन जास्त), मागे काळा धूर, तर एअर फ्लो मीटरने मोजलेली हवा पुढे कुठेतरी गळतेय. आणि बाकी काटे जागेवर, फक्त बूस्ट आधी उतरला, तर वेस्टगेट, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, किंवा नॉक ऐकून केएलआरनेच बूस्ट खाली आणलाय.

डायनोवर (गाडी एका जागी ठेवून चाकांवर लोड देणारं यंत्र) हेच सगळं जास्त सुरक्षित जमतं, लोड धरून ठेवता येतो. मात्र रस्त्याचे धक्के तिथे नसतात, म्हणून कनेक्टरचा लूज कॉन्टॅक्ट डायनोवर बहुधा गप्प बसतो.

पार्ट बदलत सुटणं: दोन-चार पार्टपुरतं ठीक

या वाटेला मी सरसकट नावं ठेवणार नाही. डीएमई रिले हा ९४४च्या मालकांचा जुना ओळखीचा पाहुणा. पंप आणि इंजेक्शन दोन्ही त्यातूनच चालतात. आतला सोल्डर जुना झाला की पिनाभोवती केसासारखी बारीक काळी रिंग पडते, तापला की कॉन्टॅक्ट सुटतो. तो बदलून जुना, चालत असेल तर, गाडीत ठेवायचा. प्लग, कॅप, रोटर, इंधन फिल्टर, व्हॅक्यूमचे होज हेही वयाने बदलायला आलेलेच असतात.

पण एअर फ्लो मीटर, केएलआर, टर्बो असे महाग पार्ट अंदाजाने घेणं म्हणजे खिसा रिकामा आणि पुरावाही गायब. कनेक्टर काढून परत लावला, एवढ्यानेच हिरवट पडलेली पिन घासली जाऊन गाडी आठवडाभर नीट चालते. श्रेय नव्या पार्टला मिळतं, आणि बिघाड परत आला की संशय चुकीच्या दिशेने जातो. बदलायचंच असेल तर एका वेळी एकच पार्ट, आणि त्याआधी फक्त कनेक्टर हलवून गाडी चालवून बघा.

मग कुणी काय निवडावं?

नुकतीच घेतलेली, इतिहास माहीत नसलेली गाडी असेल तर आधी वयाने बदलायला आलेले पार्ट आणि दाबाची चाचणी. बरीच दुखणी तिथेच संपतात. होज धड आहेत आणि बिघाड तापल्यावरच येतो, तर उभ्या तपासणीत दिवस घालवू नका, गेज लावा. रस्ता किंवा ट्रॅक मिळत नसेल तर डायनोवाला शोधा, आणि त्याला ‘पिकअप नाही’ न सांगता टॅकोमीटर, धूर, आवाज आणि किती तापल्यावर होतं, ते लिहून द्या.

कारण कळेपर्यंत पूर्ण बूस्ट द्यायचाच असेल तर वाइडबँड लावल्याशिवाय देऊ नका. बूस्टमध्ये आकडा १३च्या वर गेला किंवा किणकिण ऐकू आली की त्याच क्षणी पाय उचला आणि त्या दिवशी दुसरा प्रयत्न नको. पातळ मिश्रणावर दोन-तीनदा नेटाने ओढलं की पिस्टनला भोक पडू शकतं.