साताऱ्याच्या गारठ्यात सायकल : कपड्यांवर पैसे कुठे घालावेत, कुठे घालू नयेत

डिसेंबरात पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराजवळून यवतेश्वराचा घाट चढायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर घाम फुटतो. कासला चहा पिऊन त्याच रस्त्याने उतरायला लागलं की दहा मिनिटांत दात वाजतात आणि ब्रेकवरची बोटं आखडतात. माणूस तोच, कपडेही तेच. मग पंधरा हजारांचं विंटर जॅकेट घ्यावं की माळ्यावरचं स्वेटर काढावं, हा प्रश्न पडतो. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नव्याने येणारं जवळजवळ प्रत्येकजण तो विचारतं. गेल्या सहा हिवाळ्यांत मी दोन्ही प्रकार वापरलेत, त्यावरून लिहिते आहे.

आधी आपली थंडी कशी आहे ते बघू. चढताना शरीर जेवढी ऊर्जा खर्चतं त्यातला साधारण पाव हिस्साच पायडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. त्यामुळे चढावर गरम कपडा नकोच असतो. उतारावर पाय थांबतात, वारा मात्र ताशी ४० किलोमीटरने अंगावर येतो. हवा १० अंश असली तर त्या वाऱ्यात ती ६ अंशांसारखी बोचते, आणि आतली बनियन घामाने ओली असेल तर त्याहून जास्त. तास-दोन तासांत ऊन चढतं. दुपारी पारा २८-३० पर्यंत जातो. म्हणजे पहाटे घातलेलं सगळं नऊनंतर काढून कुठेतरी ठेवावं लागतं. युरोपातले महागडे हिवाळी कपडे दिवसभर ५ अंशांत राहणाऱ्या माणसासाठी बेतलेले असतात. आपल्याला हवा असतो वारा अडवणारा, घाम सोडणारा आणि घडी करून पाठीच्या खिशात मावणारा कपडा.

म्हणूनच अस्तरवालं जाड थर्मल जॅकेट घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. मी पहिल्याच हिवाळ्यात एक घेतलं होतं, आणि ते चांगल्या प्रतीचं होतं. घाटाच्या निम्म्यावर चेन उघडावी लागायची, वर पोचेपर्यंत आतून चिंब, आणि उतरताना तो ओलावाच अंगाला गार पाडायचा. काढून ठेवायचं म्हटलं तर खिशात मावत नाही, कमरेला बांधलं तर बाही चाकाकडे लोंबते. आता ते मी महाबळेश्वरला मुक्कामाला जाताना नेते. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात त्या दिवसांत पहाटे पायी फिरायला ते उत्तम आहे.

खरी तुलना करायची ती वारा अडवणाऱ्या कपड्यांची. एका बाजूला मोती चौकात मिळणारं दुचाकीवाल्यांचं विंडचीटर, पाचशे-सातशे रुपयांचं. वारा ते नक्की अडवतं. पण सायकलवर शिडासारखं फुगतं आणि प्लास्टिकचं अस्तर घाम बाहेर सोडत नाही. दुसऱ्या बाजूला सायकलिंगचं बिनबाह्यांचं पातळ जाकीट, ज्याला सायकलवाले जिले म्हणतात. पुढून वारा अडतो, पाठीला जाळी असल्याने वाफ निघून जाते, आणि गुंडाळलं की मुठीएवढं होतं. साधं दीड-दोन हजारांत येतं, नामांकित कंपनीचं आठ-दहा हजारांना. या दोन जिलेंमध्ये मला उतारावर ऊब सारखीच वाटली. महागड्याची चेन एका हाताने, चालत्या सायकलवर सहज ओढता येते आणि बसायला ते तंग असल्याने फडफडत नाही. रोज चालवणाऱ्याला हा फरक मोलाचा आहे. रविवारपुरती सायकल काढणाऱ्याने दोन हजारांवर थांबावं. आणि अगदीच काही नसेल तर कासच्या टपरीवरून कालचा पेपर मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीवर सरळ पसरा. युरोपातले शर्यतपटू डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्रं घेऊन वर्षानुवर्षं हेच करत आले. यवतेश्वरच्या खालच्या वळणापर्यंत पेपर पुरतो, मी स्वतः उतरले आहे.

पाणीही अडवणाऱ्या महाग जर्सी वेगळ्या. २०१३ च्या इटलीतल्या मिलान-सान रेमो सायकल शर्यतीत बर्फ पडला, शर्यत मधेच थांबवावी लागली, तेव्हा आपल्या संघाच्या कपड्यांचा प्रायोजक दुसरा असूनही अनेकांनी कॅस्टेली कंपनीची गॅबा ही पाणी अडवणारी जर्सी घातली आणि ती प्रसिद्ध झाली. तिच्या गुणाबद्दल वाद नाही. पण आपला डिसेंबर-जानेवारी बहुधा कोरडा जातो, आणि पावसाळ्यात कासला जाल तर भिजलं तरी फार गारठायला होत नाही. जलरोधक पडद्याचे जादा पैसे इथे वसूल होत नाहीत.

आतल्या कपड्याचं उलटं आहे. तिथे बहुतेकजण हात आखडता घेतात आणि नेमकं तिथेच खर्च करावा असं माझं मत आहे. सुती बनियन सगळ्यात वाईट, ती घाम धरून ठेवते आणि वाळत नाही. तीन-चारशेची पॉलिस्टरची घट्ट बनियन तिच्याहून कितीतरी चांगली, कारण तो धागा पाणी पीतच नाही. तिच्याहून वरची म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीची, साडेतीन-चार हजारांपासून पुढे. ती का महाग, हे समजायला माण तालुक्यातलं घोंगडं आठवा. मेंढपाळ भर पावसात ते पांघरून उभा असतो, घोंगडं ओलं होतं पण आतला माणूस काकडत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा धाग्यात मुरवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मेरिनोत तोच गुण आहे, फक्त धागा बारीक असल्याने ती टोचत नाही. शिवाय तिला घामाचा वास धरत नाही, सलग दोन दिवस घालता येते. काळजी मात्र घ्यावी लागते : गार पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं, आणि उन्हाळ्यात कपाटात ठेवताना कसर लागणार नाही असं बांधणं. हे जमणार नसेल तर पॉलिस्टरच घ्या. तिलाही धुताना कपडे मऊ करणारं द्रावण लावू नका, घाम ओढून घेण्याचा गुण त्याने कमी होतो.

हातमोज्यांबद्दल मी जास्त आग्रही आहे, कारण इथे प्रश्न सुरक्षेचा आहे. माझी बोटं लवकर बधिर होतात. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच बायकांचा हाच अनुभव आहे. बोटं बधिर असली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही, आणि आपल्या घाटात समोरून एसटी येते. विणलेले शंभर रुपयांचे मोजे वारा अडवत नाहीत. बर्फातले जाड मोजे घातले तर गिअर बदलता येत नाही. हाताच्या पाठीवर वारा अडवणारे, तळव्याला पकड असलेले, पूर्ण बोटांचे मोजे बाराशे ते अडीच हजारांत मिळतात. त्याच्यापुढे पाच हजार घालायची गरज नाही. तोवर विणलेल्या मोज्याच्या आत दवाखान्यात मिळणारे पातळ रबरी मोजे घाला. हात घामेजतात, पण उतारापुरती ऊब टिकते.

पायांना लांब थर्मल टाइट्स नकोत. रोजच्या शॉर्ट्सवर गुडघ्यांपुरते आणि हातांना बाह्यांपुरते आतून मऊ असलेले वॉर्मर चढवा, नऊ वाजता ते खिशात जातात. उन्हापासून वाचवणाऱ्या पातळ बाह्या वेगळ्या, दुकानात हात लावून बघा. कानांना हेल्मेटखाली बसेल अशी पातळ पट्टी. माकडटोपी हेल्मेटखाली घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही.

रंगाकडे लक्ष द्या. महाग सायकलिंगचे कपडे पुष्कळदा काळे असतात. आपल्याकडे थंडी आणि उसाचा हंगाम एकत्र येतात. माहुलीच्या बाजूला कृष्णेकाठी धुकं दाटलेलं असतं, आणि वर कासला नसेल इतका गारठा कधीकधी खाली नदीपाशी साचतो. त्यातून ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेले असतात. अशा रस्त्यावर दहा हजारांच्या काळ्या जाकिटापेक्षा तीनशेचं चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट मला जास्त मोलाचं वाटतं.

महाग घेणं ज्यांच्या खरंच कामी येतं असे दोन गट मला दिसतात. एक, ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरा करायचा लांब पल्ल्याचा सायकलप्रवास करणारे. ४०० किलोमीटरला २७ तास मिळतात, रात्र रस्त्यावर जाते, पहाटे तीनला खंबाटकी उतरताना अंगात त्राण नसतं आणि शरीर पुरेशी उष्णताही तयार करत नाही. तिथे मेरिनो आणि चांगलं जिले दोन्ही घ्यावं. चमकतं जाकीट तर रात्री नियमानेच लागतं. दुसरे, मनाली-लेहला जाणारे. त्यांनी हे सगळं मोजमाप बाजूला ठेवून जलरोधक जाकीट घ्यावं, तिकडचा पाऊस आणि वारा वेगळा आहे.

बाकीच्यांसाठी पहिल्या वर्षी हातमोजे, पॉलिस्टरची बनियन, साधं जिले आणि वॉर्मर : सगळं मिळून पाच-सहा हजार. पुढच्या वर्षी सायकल टिकली तर मेरिनो. दुकानात कपडा घालून बघताना आरशासमोर ताठ उभं राहू नका. हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून कमरेत वाका. मनगटं उघडी पडली किंवा पाठीमागे कपडा वर सरकला, तर तो कितीही चांगला असला तरी परत ठेवा.