उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे उपाशीपोटीची साखर तपासावी की तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी करावी, हा प्रश्न घरोघरचा झाला आहे.

उपाशीपोटीची तपासणी स्वस्त असून गावातल्या आरोग्य केंद्रातही होते, आणि १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर पुन्हा केलेल्या तपासणीतही आढळली, तर मधुमेहाचे निदान होते. मात्र त्यासाठी किमान आठ तास उपाशी राहावे लागते. पिशवीत पोळीभाजीचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या बाकावर नंबरची वाट पाहणारी वयस्कर माणसे पाहिली की हा त्रास किती खरा आहे, हे कळते. शिवाय ही साखर केवळ त्या सकाळची असते. दोन दिवस पथ्य पाळले तरी आकडा खाली येऊ शकतो.

एचबीए१सी तपासणीला अशी हुलकावणी देता येत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, ६.५ टक्के ही निदानाची मर्यादा आहे. तरीही आपल्याकडे तिच्यावर डोळे मिटून विसंबणे मला धोक्याचे वाटते. लोहाच्या कमतरतेने आकडा फुगतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. नंदुरबार-गडचिरोलीकडील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत मात्र तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने आकडा फसवा कमी येतो. अशा रुग्णांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच ग्राह्य धरावी.