वाचनालयाचा रिव्ह्यू : टेबलाला पाच स्टार, कपाटाला दोन

बेळगावात शहापूरकडच्या एका जुन्या वाचनालयाचा मी दोन वर्षं मेंबर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं बरंच आहे आणि तिथले काका रोज सकाळी दूध आणताना समोर येतात. अनामत 300, महिना 50 रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक.

पुस्तकांचं आधी उरकतो. 'नवीन आलेली' म्हणून जी फळी आहे तिच्यावर चार-पाच वर्षांची धूळ. दिवाळी अंकाला नंबर लावायचा आणि हातात पडेपर्यंत होळी येते, तोवर शब्दकोडं कुणीतरी पेनानं सोडवून टाकलेलं (तेही चुकीचं!). कपाटावर 'कादंबरी' अशी एकच पाटी, देवनागरीत आणि कन्नडात, आणि ती मात्र मला भारी आवडते कारण दोन्हीकडं शब्द एकच, बाणभट्टाच्या नायिकेचं नाव दोन्ही भाषांनी उचललं. हिंदीतला उपन्यास कन्नडात गेला की त्याचं लेक्चर होतंय, म्हणजे आमच्या कॉलेजच्या बोर्डावर 'विशेष उपन्यास' लिहिलेलं बघून एखादा यूपीवाला कादंबरी ऐकायला येऊन बसायचा.

पण मी जातो ते टेबलासाठी. लांबलचक लाकडी टेबल, त्यावर मराठी आणि कन्नड पेपर एकमेकांना चिकटून पसरलेले. एकात बेळगाव, दुसऱ्यात बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदललं, टेबलावर अजून दोन्ही गावं शेजारी शेजारी नांदतात. दरवर्षी 1 नोव्हेंबरच्या आसपास तर बघायलाच पायजे, 1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या त्या एकाच तारखेचा एका पेपरात राज्योत्सव आणि दुसऱ्यात काळा दिन. वाचणारी माणसं मात्र तीच, हा पेपर झाला की तो ओढायचा, मध्ये "ऊसाचं काय झालं ओ?" एवढंच. माझं कन्नड वाचन सगळं ह्या टेबलावरच्या हेडलाईनींवर झालंय, शाळेत कधी जमलं नव्हतं.

तर ऊसदराच्याच बातमीत मराठी पेपरात 'मोर्चा' होता आणि कन्नड पेपरात 'प्रतिभटने', म्हणजे निषेध. डोक्यात किडा वळवळायला लागला. मोर्चा म्हणजे मूळचा किल्ल्याच्या लढाईतला, तोफा लावायची आडोशाची जागा, म्हणून तर आपण 'मोर्चे बांधले' म्हणतो, हे मला कुठंतरी वाचलेलं आठवत होतं, पण खात्री करायला मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश पायजे. 1857 ची दुसरी आवृत्ती, तिचं पुनर्मुद्रण इथं आहे. आणि ते कुलपात!

काकांना विचारलं तर "मोबाईलात असतंय की ओ सगळं, कशाला जड पुस्तक काढालाय". असतंय, नाही म्हणत नाही, कोश नेटवर फुकट आहे. पण मोबाईलवर एक शब्द टाकला की तेवढाच दिसतो. पानावर मोर्चा शोधताना आधी मोर लागतो, मग मोरी लागते, अर्धा तास कसा गेला कळत नाही. तीन दिवस चकरा मारल्या. चौथ्या दिवशी काका नव्हते, शिपाई होता, त्याला म्हटलं, "कीलिकै कोड्री." लगेच दिली! आपली किल्ली आणि त्यांची कीलि एकाच घरातल्या, फक्त इकडं उत्तरेच्या कन्नडात कीलि म्हटलं की कुलूप, आणि किल्ली पायजे असेल तर त्याला 'कै' म्हणजे हात जोडायचा.

मोर्चा सापडला, लढाईतलाच. आणि प्रतिभट हा संस्कृतात समोरचा योद्धा, भट म्हणजे सैनिक. म्हणजे दोन्ही पेपरांनी शेतकऱ्यांना रणांगणावरच उभं केलेलं, एकानं खंदकात, एकानं समोरासमोर, आणि ती माणसं बिचारी टनाचा भाव मागत रस्त्यात बसलेली.

असो. जायचं असेल तर सकाळी आठला जावा, नऊनंतर पेन्शनवाले आले की पेपर मिळत नाही. ट्यूबलाईट एक बंद आहे, खिडकीकडची खुर्ची धरा. पंखा आवाज करतो. सोमवारी बंद. आणि कोश बघायचा असला तर काका नसताना.